दारामागचं फ्लायव्हील

भालकीच्या विरुपाक्षाचा हात उसाच्या चरकावर बसलेला. चरकाची लाट, म्हणजे ऊस पिळणारा रूळ, झिजली की लेथवर चढवायची आणि चमकेपर्यंत तासायची, एवढंच त्याचं शास्त्र. पोलीस ॲक्शननंतर गाव सोडून गेलेल्या जहागीरदाराची विलायती मोटार अंकुशराव वकिलांनी घेतली. तिचा क्लच घसरायला लागला, तेव्हा क्लच ज्याच्यावर दाबून बसतो ते लोखंडी चाक, म्हणजे फ्लायव्हीलही यानं तसंच तासलं. मग काय! चढावर इंजिन बोंबलतंय, गाडी जागची हलत नाही, वर जळका वास.

"असू दे," अंकुशराव म्हणाले, "भंगारात घालतो."

"न्हाई अण्णा. बिघडवली म्या, नीट बी मीच करणार. माप गावंस्तोवर लेथ बंद."

"मग ऊसवाल्यांना काय सांगू?" विरुपाक्षाची बायको गौरम्मा म्हणाली. "मालक माप हुडकायला गेलेत म्हणून?"

"व्हय. तसंच सांग."

फ्लायव्हील पोत्यात घालून त्यानं गुलबर्गा गाठलं. तिथले जुने मोटार मिस्त्री महबूबमियाँ. त्यांनी नुसतं बोट फिरवलं. "मुँह घिसे, तो किनारा कायकू छोड दिए? जित्ता मुँह, उत्ताच किनारा!"

विरुपाक्षाला उमगलं. क्लचचं झाकण बसतं बाहेरच्या कडेवर. तोंड, म्हणजे क्लच घासतो तो मधला भाग, खोल गेलं, कड उंच राहिली, दाब पोचणार कसा? पण कड किती उतरवायची? चमकेपर्यंत, हे काही माप नव्हे. आणि जास्त उतरली तर लोखंड परत चिकटत नाही.

महबूबमियाँनी घराच्या दाराकडं बोट केलं. तसलंच एक फ्लायव्हील दाराला टेकू देऊन होतं. दाते तुटलेले, तोंड मात्र कोरं.

"ले लो," आतून बेगम म्हणाल्या, "पन मेरा दरवाजा कौन पकडते?"

विरुपाक्षानंच धरला. दाराला पाठ लावून बसला, फ्लायव्हील मांडीवर घेतलं आणि पितळेची पट्टी घासत घासत तोंडापासून कड जेवढी उंच, बरोबर तेवढ्या जाडीची केली. धोतराच्या सोग्यात बांधून घरी आणली.

मग लेथ सुरू. कडेवरून पातळ कीस काढायचा, थांबायचं, तोंडावर पट्टी लावायची, पट्टी आणि कडेच्या सांध्यावर नख फिरवायचं. नख अडलं की पुन्हा.

"चमकायलंय की आता," गौरम्मा म्हणाली.

"चमक बघू नगंस, बाई."

नख अडायचं थांबलं तेव्हाच त्यानं लेथ बंद केला.

मोटार जोडून झाल्यावर अंकुशरावांनी शेजारी बसायला बोलावलं, पण हा चढाच्या मध्यावर जाऊन उभा. मोटार आली, अंगावर धुरळा उडवून सरळ वर गेली. विरुपाक्षानं नाक वर करून खोल श्वास ओढला.

वास नुसत्या धुळीचा होता.