सदरहू गच्चीची किल्ली

जो कायदा समजतो तो खरा नसतो, असं आमच्या घराचं मत होतं. या मतापायी मागच्या मे महिन्यात अख्खी इमारत जिन्याने खाली धावली आणि आमचं नाव सोसायटीच्या फलकावर लागलं. तेही काचेच्या आत, कुलूप लावून!

पिंपळे सौदागरच्या आमच्या इमारतीत आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर. आमच्या डोक्यावर फक्त गच्ची. सासूबाईंनी कुरडयांचा घाट घातला होता. साध्यासुध्या नाहीत, नणंदेच्या मुलीच्या रुखवतातल्या! गहू भिजवून, वाटून, चीक पातेल्यात तयार. सकाळी मी चादरी घेऊन गच्चीवर गेले, तर दाराला भलंमोठं कुलूप.

“कुलूप?” सासूबाई कडाडल्या. (त्या मूळच्या मावळातल्या. आवाज डोंगरापल्याड पोचवायची सवय आहे.) “आन् चीक जास्त आंबला म्हंजी? कुरडई लाल पडंल! रुखवतात काय आमची अब्रू मांडायची व्हय?”

चेअरमनना फोन करणं हा सरळ मार्ग होता. पण पार्किंगवरून पंधरा दिवस आमचं बोलणं बंद होतं. (चूक त्यांची होती. अजूनही आहे.) म्हणून मी मोबाइलवर शोधलं. मोफत कायदेशीर माहितीचं एक पान सापडलं, चक्क सोप्या मराठीत. ‘गच्ची सगळ्या सभासदांची असते. ती कशी वापरायची याचे नियम सोसायटी ठरवते. कुलूप असेल तर किल्ली कोणाकडे आहे ते आधी कमिटीला विचारा. नाही जमलं तर लेखी अर्ज द्या.’

मी मोठ्याने वाचून दाखवलं. आमचे हे चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहेत. माल नापास करणे हा त्यांचा पेशा. गुरुवारची सुट्टी असल्याने त्या दिवशी तो घरी चालू होता.

“यात एकही कलम नाही,” हे म्हणाले. “एकही ‘सदरहू’ नाही. वर फुकट! हा कायदा नाही, या शेजारपाजारच्या गप्पा झाल्या. रिजेक्ट!”

सांगायला लाज वाटते, पण मलाही पटलं. एका वाचनात कळलं, म्हणजे काहीतरी गडबड असणारच!

मग रावेतहून धाकट्या दिरांना बोलावलं. भाऊजींनी वकिलीचं पहिलं वर्ष दोनदा केलंय. त्यामुळे पहिल्या वर्षाचा त्यांचा अभ्यास इतरांच्या दुप्पट आहे.

“अर्ज कसला करता वहिनी? नोटीस द्यायची! आधी चहा टाका.”

तीन चहांत नोटीस तयार झाली. ‘सदरहू गच्चीची किल्ली ज्या इसमाने अनधिकृतरीत्या आपल्या कब्जात दडवून ठेवलेली आहे, त्या उपरोक्त इसमाचे नाव तात्काळ फलकावर प्रसिद्ध करण्यात यावे, अन्यथा...’ पुढे दीड पान नुसतंच अन्यथा होतं.

“काही समजलं का?” ह्यांनी विचारलं.

“नाही.”

“मग बरोबर आहे. टाक ग्रुपवर!”

टाकली. दुपार झाली, ऊन चढलं, आणि चीकही चढला. तो आंबूस वास आधी जिन्यात उतरला, मग लिफ्टमध्ये बसून खाली गेला. ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, ‘गॅस लीक?’ पाच मिनिटांत प्रश्नचिन्ह गळलं. लोक पोरंबाळं घेऊन खाली! एका आजोबांनी तर लग्नातला सूट बरोबर घेतला होता. चेअरमन नाकाला रुमाल लावून एकेक मजला हुंगत वर आले, ते आमच्या पातेल्यापाशी थांबले.

“वहिनी, हा वास तुमचा?”

“हा वास आमच्या हक्काचा आहे!” भाऊजी आतून गरजले.

“अहो, मग हक्काने गच्चीवर न्या की!”

“किल्ली दडवलीय ना कुणीतरी!” मी म्हटलं. “नोटीस वाचली नाहीत?”

“वाचली. तीनदा. कमिटीत कुणालाच कळली नाही. आणि किल्ली कोण दडवतंय? ती महिनाभर तुमच्याच घरी आहे. साहेबांच्या हातात दिली होती मी.”

“छे! माझ्याकडे टाकीची किल्ली आहे,” हे ठामपणे म्हणाले आणि कपाटातून घेऊन आले. तिला सुबक लेबल लावलेलं होतं : ‘पाण्याची टाकी’. “टाकी धुणारे आले की द्यायची, असं तुम्हीच सांगितलंत.”

“बरोबर. आणि टाकी कुठे आहे?”

ह्यांनी लेबल दोन्ही बाजूंनी तपासलं. क्वालिटीत घाई चालत नाही.

“गच्चीत,” ते म्हणाले.

“आण ती हिकडं!” सासूबाईंनी किल्ली हिसकावली. “आन् तू गं, ते कायद्याचं ठेव. सोऱ्या उचल!”

कुरडया झाल्या. थोड्या लालसरच झाल्या. नणंदेला आम्ही सांगितलं, मुद्दाम रंगवल्यात. तिने रुखवतात त्या पुढे मांडल्या आणि कौतुकही करून घेतलं.

चेअरमननी मात्र नोटीस मान्य केली. दुसऱ्याच दिवशी फलकावर उपरोक्त इसमाचं नाव लागलं, फ्लॅट नंबरासकट. खाली मागणी करणारी म्हणून मी. शेवटी बोलणं सुरू करून मी विनंती केली, आता तरी काढा ते.

“तसं लेखी द्या,” ते म्हणाले. “पण या वेळी आम्हाला कळेल असं.”

म्हणून ते फुकटचं पान पुन्हा उघडलं आणि चार ओळींचा अर्ज लिहिला. सरळ आहे, स्वच्छ आहे, एका वाचनात समजतो. म्हणूनच पाठवायचा धीर होत नाहीये!