सुईवाल्या बाई

लहान मुलाचं रक्त काढताना आम्ही सगळे डॉक्टर खोटं बोलतो. मुंगी चावल्यासारखं होईल, काही कळणार पण नाही, ती बघ खिडकीत चिमणी. बाई असलं काही बोलायच्या नाहीत. मुलाचा दंड रबराने बांधायच्या, बोटाने शीर चाचपायच्या आणि सरळ त्याच्या डोळ्यांत बघून सांगायच्या, "दुखते. पण एकदाच दुखते. हात हालवला त मंग दोनदा दुखीन." मूल गंभीरपणे मान डोलवायचं आणि हात स्थिर धरायचं. त्यांच्याबरोबर मी दोन वर्षं काढली. एकाच मुलाला दुसऱ्यांदा सुई टोचायची वेळ त्यांच्यावर आलेली मी पाहिली नाही.

मी एमडी पॅथॉलॉजीची विद्यार्थिनी होते आणि बाई आमच्या विभागात सीनियर टेक्निशियन. कॉलेजचं नाव लिहीत नाही. ते वर्धा जिल्ह्यातलं नाही एवढं सांगते, कारण वर्ध्याची माणसं लगेच अंदाज बांधायला लागतील. बाई मात्र वर्ध्याच्याच. बोरगाव मेघेत दोन खोल्यांचं घर, रोज रेल्वेने अपडाऊन, खांद्याला निळी कापडी पिशवी. आमच्या संशोधनाची गावंही हिंगणघाटच्या बाजूला, वणा नदीच्या अलीकडे-पलीकडे. तिथल्या शाळांतल्या पोरांनी त्यांना सुईवाल्या बाई हे नाव दिलं आणि मग मोठी माणसंही तेच म्हणायला लागली.

बाईंना राग फार यायचा. आवाज चढायचा नाही, पण हातातली वस्तू टेबलावर ठेवताना तिचा आवाज व्हायचा. नळीवर नुसता नंबर टाकून नाव न लिहिणारा डॉक्टर दिसला की तो आवाज व्हायचाच. संशोधनात नंबरच लिहायचा असतो, हे मी त्यांना एकदा पुस्तकी भाषेत समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बरोबर आहे, मॅडम. पण नंबरले ताप येते काय?" त्यांच्याकडे स्वतःची एक लांब वही होती. तिच्यात नंबरापुढे मुलाचं नाव, आईचं नाव आणि घराची खूण असायची. हातपंपासमोर, निळं दार. बुद्धविहाराच्या मागं, बाभळीजवळ.

आमचं काम सिकलसेलवर होतं. या आजारात रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि नसांत अडकतात. सांधे ठणकतात, ताप येतो, छाती भरते. विदर्भात तो घराघरांत आहे आणि कितीतरी घरांना त्याचं नाव माहीत नाही. बाईंचा धाकटा भाऊ तरुणपणी गेला. "सगळे म्हनत होते वातानं गेला. मी या कामाले लागली तवा समजलं, वात नव्हता." हे त्यांनी मला स्लाइड पुसता पुसता सांगितलं. पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

विभागप्रमुख सरांनी एक पट्टी तयार केली होती. रक्ताचा एक थेंब टाकायचा, दुसरी रेघ उमटली की सिकल आहे. वीज नको, मशीन नको. कल्पना चांगलीच होती, आणि सरही वाईट माणूस वाटायचे नाहीत. विद्यार्थ्यांना घरी जेवायला बोलवायचे, आईबापांची चौकशी करायचे, "आपण आपल्या लोकांसाठी काम करतोय" असं म्हणताना त्यांचा आवाज जड व्हायचा. मी त्या आवाजाला भुलले होते. पट्टीची परीक्षा घ्यायची म्हणून आम्ही शाळांमधून मुलांचं रक्त गोळा केलं, प्रत्येक नमुना पट्टीवर तपासला आणि खात्रीसाठी प्रयोगशाळेतल्या मशीनवरही तपासला. आयांच्या सह्या, अंगठे घेतले. त्या कागदावर स्वच्छ मराठीत छापलेलं होतं की महिन्याभरात रिपोर्ट घरी मिळेल. बाईंनी ते वाक्य प्रत्येक घरात मोठ्याने वाचून दाखवलं होतं.

निकाल आले तेव्हा काही मुलांच्या बाबतीत दोन्हीचं जुळेना. पट्टी म्हणत होती काही नाही. मशीन म्हणत होतं, सिकल आहे, आणि नुसता वाहक नाही, पूर्ण आजार आहे. बोटांवर मोजण्याइतकीच मुलं होती. पण ती धरली तर पट्टी आजारी मुलांनाच चुकवते हे उघड होत होतं.

सरांनी आम्हा दोघींना खोलीत बोलावलं. कागद चाळले आणि म्हणाले, "हे नमुने वाटेत खराब झालेत. उन्हाळ्यात होतं असं. यांना वगळून टाका."

बाई म्हणाल्या, "नमुने चांगले आहेत, सर. पट्टी खराब आहे."

सर हसले. "बाई, तुम्ही रक्त काढा. संशोधन आम्ही करतो." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "डॉक्टर, आज संध्याकाळपर्यंत नोंद करून टाका."

मी नोंद केली. माझा हात कोणी धरला नव्हता. माझा प्रबंध त्याच आकड्यांवर उभा होता, परीक्षा तोंडावर होती, आणि सर नाराज झाले तर काय होतं ते मी आधीच्या एका विद्यार्थ्याच्या बाबतीत पाहिलं होतं. ही कारणं मी पुढे स्वतःला पुष्कळदा सांगितली. त्या मुलांच्या नंबरांपुढे मी 'नमुना खराब' असं टाइप केलं. बाईंनी रजिस्टरवर सही करायला नकार दिला. त्यांच्या जागी दुसऱ्या कोणाची तरी सही घेण्यात आली.

सगळेच रिपोर्ट सरांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात गेले. आधी पेपर छापून येऊ दे, मग वाटू. घाई काय आहे? समुपदेशक नेमायचा आहे, गोपनीयतेचा प्रश्न आहे. दर सोमवारी बाई जाऊन विचारायच्या, दर सोमवारी नवं कारण मिळायचं. एका सोमवारी त्या परत आल्या, थेट मशीनपाशी बसल्या आणि एकेक रिपोर्ट पुन्हा छापायला लागल्या. मी विचारलं, "बाई, हे चालेल का?" त्या मान वर न करता म्हणाल्या, "रगत त्याइचं आहे. रिपोर्ट बी त्याइचाच आहे. न चालाले काय झालं?"

मग त्यांचे रविवार गावांत जायला लागले. वर्ध्याहून स्वतःची स्कूटी, निळी पिशवी, ती वही. सगळ्यांत आधी 'खराब' ठरवलेल्या मुलांची घरं. एकदा मीही मागे बसून गेले. ज्या घरी गेलो तिथल्या मुलीला बाप कामचुकार म्हणायचा. कापूस वेचायला नेलं की तासाभरात गुडघे धरून बसते म्हणे. बाईंनी त्याच्याच घरातला विळा मागून घेतला आणि त्याच्यापुढे धरला. "तिच्या रगतातल्या पेशी अशा वाकड्या होते. नसीत अटकते, मंग दुखते. पोट्टी आळशी नाई. आजारी आहे. हिले पानी भरपूर देजा, ताप आला त थांबाचं नाई, लगेच दवाखान्यात नेजा, अन् हा कागद दाखवजा." त्या माणसाने विळा परत घेऊन कोपऱ्यात ठेवला. मग त्याने मुलीला जवळ बोलावलं. परत येताना मी बाईंना म्हटलं, किती छान समजावलंत. त्या म्हणाल्या, "हे आठ महिन्याआधी सांगाचं होतं."

त्या यादीत एक मुलगी होती साक्षी, सातवीतली. तिचं गाव यादीतलं सगळ्यांत लांबचं, म्हणून शेवटी ठेवलेलं. बाई तिथे पोहोचल्या त्याच्या दोन दिवस आधी तिला ताप आला होता, छातीत दुखायला लागलं होतं. गावातल्या डॉक्टरने एक इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी हिंगणघाटला नेताना ती रिक्षातच गेली. बाई दारात स्कूटी लावतात तर अंगणात माणसं बसलेली. साक्षीच्या आईने त्यांना ओळखलं आणि विचारलं, "बाई, तुमी तवा तिचं रगत नेलं होतं ना? काय निघालं होतं?"

हे बाईंनी मला सोमवारी सांगितलं. मी विचारलं, मग तुम्ही काय केलंत? "काय कराचं? रिपोर्ट पिशवीतच होता. देला. सांगितलं, हे निघालं होतं, अन् तुमाले सांगितलं नाई." एवढं बोलून त्यांनी नळ्या मशीनमध्ये लावल्या आणि झाकण घट्ट बंद केलं.

पुढच्याच महिन्यात पेपर छापून आला. सरांना मोठा पुरस्कार जाहीर झाला. फाटकावर फ्लेक्स लागला, विभागाच्या सभागृहात सत्कार ठेवला. पाहुण्यांनी पट्टीची अचूकता वाचून दाखवली, टाळ्या झाल्या. संशोधनातले सगळे सहकारी म्हणून आम्हालाही शाल-श्रीफळ होतं. बाईंचं नाव पुकारलं तेव्हा त्या मंचावर गेल्या, शाल घेतली नाही. माइकसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "साक्षी नावाची एक पोरगी होती. तिचा नमुना खराब झाला असं या पेपरात आहे. तिचा नमुना चांगला होता. तिले सिकल होतं. इथल्या कपाटात तिचा रिपोर्ट होता, अन् तिच्या घरी नव्हता. ती मेली."

कोणीतरी माइक बंद केला. सर पुढे आले आणि पाहुण्यांना म्हणाले, "बाईंची तब्येत जरा बरी नसते हल्ली." तसं बाईंनी सभागृहात बघितलं. मी तिसऱ्या रांगेत होते. त्या मला कायम मॅडम म्हणायच्या, अहोजाहो करायच्या. त्या वेळी माइक नसताना सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तू सांग. तूच लिहिलं ना ते."

मी मांडीवरच्या शालीकडे बघत राहिले.

चौकशी समिती बसली. तिघेही सरांच्या बरोबर शिकलेले. गोपनीय कागद बाहेर नेल्याचा ठपका बाईंवर आला, पट्टीचा प्रश्न समितीपुढे नव्हताच. त्यांची बदली तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये केली. ज्या बाईच्या हाताखाली शहाणे शहाणे डॉक्टर रक्त काढायला शिकले, तिला जुन्या फायलींची धूळ झटकायला बसवलं. वर्षभराच्या आत त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. निरोप समारंभ झाला नाही. मी एमडी झाले. पेपरवर माझं नाव तिसरं होतं आणि ते दाखवूनच मला नोकरी मिळाली.

गेल्या वर्षी विभागाची एक गुळगुळीत पुस्तिका टपालाने माझ्याकडे आली. विभागाची वाटचाल, प्राध्यापकांचे यश. सर आता अधिष्ठाता आहेत. त्यांच्या फोटोखाली पट्टीचा पराक्रम होता, आणि त्याच पानावर विद्यार्थी घडवणारा विभाग म्हणून माझंही नाव होतं. ते वाचताना सरांचा राग आला, समितीचा आला, टाळ्या वाजवणाऱ्यांचा आला. पण सगळ्यांत जास्त त्या छापलेल्या माझ्या नावाचा आला. पेपर ज्या नियतकालिकात छापला होता, त्याला मी पत्र लिहिलं. काय वगळलं, कोणी सांगितलं, कोणी टाइप केलं, सगळं. बरेच महिने उत्तरं-प्रत्युत्तरं चालली. शेवटी पेपरच्या वर एक ओळ लागली की यातल्या माहितीबद्दल शंका उपस्थित झाली आहे. एवढंच. सरांचं काहीही बिघडलं नाही.

ती ओळ कागदावर छापून घेऊन मी बोरगाव मेघेला गेले. बाई थकल्या होत्या, केस पिकले होते. त्यांनी चहा केला, चष्मा लावला आणि कागद उलटसुलट करून पाहिला.

"इंग्रजीत आहे," त्या म्हणाल्या.

"हो."

"साक्षीच्या मायले इंग्रजी येते काय?"

मी विचारलं, तुम्ही याल का माझ्याबरोबर साक्षीच्या घरी? त्यांनी कप खाली ठेवला. आवाज झाला.

"माह्यं मी सांगून आली, मॅडम. तुमचं तुमी सांगा."

मी गेले. साक्षीची आई ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. माझ्याकडे संशयाने बघून म्हणाली, "कोन पाहिजे?" मी नाव सांगितलं, डॉक्टर असल्याचं सांगितलं. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. मग म्हटलं, सुईवाल्या बाईंकडून आले. तशी तिने सूप बाजूला सारलं आणि मला बसायला जागा दिली. साक्षीच्या धाकट्या बहिणीलाही सिकल निघालं होतं. बाई दर महिन्याला येऊन तिला दवाखान्यात नेतात, गोळ्या चुकू देत नाहीत, हे तिने आपणहून सांगितलं. तोवर मला ते माहीत नव्हतं.

मग मी पहिल्यापासून सांगितलं. पट्टी, मशीन, ती खोली, ती नोंद. नोंद माझ्या हातची, हेही. तिने मध्ये एकदाच विचारलं, "तवा समजलं असतं त वाचली असती?" मी म्हणाले, "वाचू शकली असती. उपचार होते." तिने मान हलवली, सूप पुन्हा पुढे ओढलं आणि शेंगा सोलायला लागली.

"हे बाईले माहीत आहे?"

"आहे."

"तरी पाठवलं तुमाले?"

"म्हणूनच पाठवलं."

तिने पदराने हात पुसले आणि माझ्याकडे बघितलं.

"अन् तुमच्या साहेबाले कवा पाठवते?"