फुकट सल्ल्याची खोली

शाहूपुरीत, मोटारीचे सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानाच्या माडीवर घरा-जागेच्या भांडणांत सल्ला देणारं आमचं केंद्र होतं. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती ती. मी आणि एक निवृत्त वकील, एवढीच आमची फौज. घरमालकाशी भांडण, गुंठ्यानं घेतलेली जागा, खोली खाली करायची नोटीस, असलं काहीतरी घेऊन माणसं जिना चढून यायची. आम्ही त्यांना कायद्यानं काय करता येईल ते सांगायचो. पैसे घ्यायचे नाहीत, हा वकीलसाहेबांचा नियम. मुंबईची एक संस्था दर वर्षी मदत पाठवायची, त्यात माझा पगार आणि कोर्टाचा किरकोळ खर्च भागायचा. दुकानदार खोलीचं भाडं नावापुरतं घ्यायचा.

एका दिवाळीनंतर मुंबईहून फोन आला. त्यांचे देणगीदार आता दुसऱ्या कामांकडे वळले होते. मार्चनंतर मदत बंद. फोन ठेवून वकीलसाहेब खिडकीतून रस्त्याकडे बघत राहिले. "कुणाला बोलू नका एवढ्यात," इतकंच म्हणाले.

त्याच सुमारास उचगावची एक बाई आली. जयभीम करून बाकड्याच्या कडेला बसली. तिचा नवरा फौंड्रीत कामाला. त्यांनी आणि शेजारच्या काही घरांनी गावाच्या कडेला गुंठा गुंठा जागा घेऊन पत्र्याच्या खोल्या बांधल्या होत्या. विकणाऱ्यानं तीच जमीन पुन्हा एका बिल्डरला विकली होती. आता रोज दिवेलागणीला एक जीप येऊन दारासमोर थांबायची.

"काय बोलत न्हाईत," ती म्हणाली. "नुस्तं गाडीत बसून बघत्यात. पोरं जेवत न्हाईत ओ भ्यानं."

वकीलसाहेबांनी कोर्टात मनाईहुकमासाठी अर्ज केला. आणि मग बिल्डर स्वतःच जिना चढून आला. पांढरा शर्ट, मऊ आवाज. आम्ही दिलेला चहा त्यानं सावकाश प्याला.

"मार्चनंतर तुमचं कसं चालणार, साहेब?"

 आम्ही कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

"चांगलं काम हाय तुमचं, बंद पडाय नको," तो म्हणाला. "आम्ही चालवतो की. खोली, म्याडमचा पगार, सगळं. उचगावचं तेवढं सोडा."

"विचार करून सांगतो," वकीलसाहेब म्हणाले. मला त्यांचा राग आला, आणि त्याच वेळी पगार वाचल्यासारखंही वाटलं.

मी जयसिंगपूरला राहायची, रोज एस.टी.नं ये-जा. एका संध्याकाळी शेजारच्या सीटवर एक माणूस येऊन बसला. तिकीट काढलं, रुमालानं मान पुसली.

"ताई, जयसिंगपूरच न्हवं?"

मी मान हलवली.

"तुमची मुलगी त्या स्टेशनाजवळच्या शाळंत हाय. लाल रिबिनी लावती. गोड हाय पोर."

मग तो हातकणंगल्याला उतरून गेला. मला रडू आलं नाही, ओरडताही आलं नाही. घर येईपर्यंत मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी आवळून बसले होते.

नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. "सोड ती नोकरी," तो म्हणाला. "तसाही मार्चनंतर पगार नाहीच." त्याचं काय चुकत होतं? दुसऱ्या दिवशी मुलीला घरी ठेवलं आणि नोकरी सोडते म्हणून सांगायला मी केंद्रात गेले.

उचगावची बाई आधीच येऊन बसली होती. वकीलसाहेब तिला बिल्डरचं बोलणं सांगत होते. तिच्यापासून काही लपवायचं नाही, असं त्यांनी ठरवलं असावं. मग मी बसमधलं सांगितलं. ती ऐकत राहिली.

"मग तुमी सोडताय व्हय?"

वकीलसाहेब समोरचे कागद जुळवू लागले.

"तुमी सोडलं तरी आमी कुठं जाणार? आमचं हाय ते तितंच हाय की." तिच्या आवाजात राग नव्हता, त्यानं मला जास्तच भीती वाटली. मग तिनं विचारलं, "म्याडम, तुमची गाडी किती वाजता आसती?"

मी गाडीची वेळ सांगितली, नोकरी सोडायचं बोललेच नाही. त्या संध्याकाळपासून वस्तीतल्या दोघी-तिघी मला स्टँडपर्यंत सोडायला येऊ लागल्या. एखादी तर थेट जयसिंगपूरपर्यंत यायची आणि परतीच्या गाडीनं माघारी जायची. तिकिटाचे पैसे घ्यायची नाही. वकीलसाहेबांनी बिल्डरला फोनवर नकार कळवला, तो उभं राहून. 

दुकानदार मात्र घाबरला. "माझ्या काचा फुटल्या तर?" म्हणत त्यानं खोली परत मागितली. मार्चनंतर आम्ही उचगावच्या वस्तीतल्या विहाराच्या पडवीत बसू लागलो. बायकांच्या भिशीतून दर महिन्याला थोडी रक्कम केंद्राला मिळायची. वकीलसाहेबांचे जुने पक्षकार कधी काही पाठवायचे. माझा पगार निम्म्यावर आला, काही महिने तोही नाही. ज्यांची घरं जाणार होती तीच माणसं आता आम्हाला पोसत होती. त्या पैशाला हात लावताना मनात यायचं, उद्या कोर्टात हरलो तर यांना तोंड काय दाखवायचं?

उन्हाळ्यात मनाईहुकूम मिळाला. जीप यायची थांबली, मग अधूनमधून दिसू लागली. दावा वर्षानुवर्षं चालला. मुलीची शाळा मी बदलली. पुढं गुंठेवारी, म्हणजे अशा गुंठ्यानं घेतलेल्या जागा, नियमित करायचा कायदा आला, आणि अखेर बिल्डरनं तडजोड करून अंग काढून घेतलं.

सन दोन हजारनंतरच्या एका वर्षी त्या बाईनं पत्रे काढून स्लॅब टाकला आणि आम्हाला जेवायला बोलावलं. पंगत बसली होती. बाहेर रस्त्यावर एक गाडी हळू झाली, तसे सगळ्यांचे हात ताटातच थांबले. गाडी पुढं निघून गेली.  तिनं माझ्या ताटात आणखी भात वाढला.