सुटी फुलं

मारतहळ्ळीच्या पुलाजवळ संध्याकाळी मोगऱ्याचा वास येतो. बसचा धूर, भज्यांचं तेल, सगळ्यांना बाजूला सारून येतो. फूलवाली कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत हातावर माळ मोजत असते. त्या मापाला इथे मोळ म्हणतात. "एष्टु मोळ, अक्का?" ती विचारते, किती हात देऊ म्हणून. मी म्हणते, माळ नको, सुटी फुलं दे. तिचं तोंड जरा वाकडं होतं. माळ न मोजता नुसती मूठ भरायची, म्हणजे तिला धंदा केल्यासारखं वाटत नसावं.

आई गेली त्या दिवसांत मी रोज माळच न्यायची, तिच्या फोटोसाठी. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या या कानडी मुलखातलं. पुण्याचे पाहुणे आमची मराठी ऐकून गालात हसतात, हसू देत. बाहेर कन्नड, ऑफिसात इंग्रजी, आणि घरची मराठी बोलायला आईमागे उरलं ते तिचं मांजर. आई तिला भवानी म्हणायची. "भवाने, गिळायला ये," एवढं ऐकलं की शेपटी वर करून स्वारी हजर.

आई गेल्यावर काही दिवसांनी भवानीने अन्न सोडलं. मासळी हुंगून मान फिरवायची आणि आईच्या खाटेखाली जाऊन बसायची. मग ओकायला लागली. आधी अन्न, नंतर नुसता पिवळा फेस. मी फडक्याने पुसायची, आणि खरं सांगते, मला त्यात सोबत वाटायची. माझ्याही घशाखाली घास उतरत नव्हता. नातलग तेराव्याचं जेवून आपापल्या घरी गेलेले. या घरात आईसाठी उपाशी राहणारं आणखी कुणीतरी आहे, याचा मोठा आधार होता. शेजारच्या काकू म्हणाल्या, "मुक्या जिवालाही कळतं गं. पण हे ओकणं काही बरं नव्हे, डॉक्टरला दाखव."

जनावरांची डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने भवानीचं तोंड उघडून जीभ वर केली आणि थांबली. जिभेच्या मुळाशी पांढरा दोरा अडकला होता. उरलेला आत गेलेला. मी बोट पुढे केलं तर तिने माझा हातच धरला. "ओढू नका मॅडम, आतडं कापलं जाईल," ती कन्नडमध्ये म्हणाली. "हा दोरा कसला?"

मला बघताक्षणी कळलं होतं. निर्माल्य केरात टाकायचं नाही, ही आईची सक्त ताकीद. म्हणून फोटोवरून उतरलेल्या माळा मी गॅलरीत, तुळशीशेजारच्या टोपलीत साठवायची. त्या सुकल्या माळांशी खेळता खेळता भवानीने दोरा गिळला होता. कसला शोक नि कसलं काय. ऑपरेशनच्या खोलीबाहेर बाकावर बसले तेव्हा मला पहिल्यांदा धड रडू आलं. ही तरी जगू दे, एवढंच मागत होते. आणि आईसाठी आपण एकटेच उपाशी होतो, तेही तिथेच कळलं.

भवानी वाचली. घरी आल्यावर पातळ भाताचा घास तिने माझ्या बोटावरून चाटला, तेव्हा मीही ताट घेऊन तिच्याशेजारी जमिनीवर बसले आणि जेवले. पुढे भवानी चांगली म्हातारी झाली, आणि एका दुपारी आईच्या खाटेवर झोपेतच गेली.

माळ का नको, ते फूलवालीला मी कधीतरी सांगितलं होतं. काल ती म्हणाली, "मांजर नाही ना आता, अक्का? माळच न्या, फोटोला शोभते." तिचं बरोबर आहे. दोरा गिळायला घरात कुणी उरलेलं नाही. तरी मी सुटीच घेतली. आईच्या फोटोपुढे ठेवायला ताटली काढली, ती भवानीची निघाली. सोवळंओवळं पाळणारी आई यावर काय म्हणाली असती, मला ठाऊक आहे. तरी मी फुलं त्या ताटलीतच ठेवली. मला मराठीत रागवायला तरी कुणीतरी हवंय.