खुटबावचं उत्तर

"इचारलं का? का आपलंच ठरवलं?"

चष्मा कपाळावर सरकवून आमच्या ऑफिसातले मामा एवढंच म्हणायचे. टँकर निघाला असेल, साहेब आज येणार नसतील, कुणी काहीही खात्रीनं सांगितलं की हा प्रश्न ठरलेला. तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल. त्याच्यासमोर थापासुद्धा जपून माराव्या लागतात.

आमच्या दूध संघाचं ऑफिस शिरूरला, शीतकेंद्र दौंडला. दोन्हीकडचे कॉम्प्युटर एका चॅट सॉफ्टवेअरवर बोलत. त्याला मामांनी स्वतः लिहिलेलं प्लगइन, म्हणजे एक छोटा पूरक प्रोग्राम, जोडलं होतं. दौंडहून तातडीचा निरोप आला की आमच्याकडे घंटा वाजायची. रोज सकाळी हे प्लगइन मामांच्या खुटबावच्या घरातल्या कॉम्प्युटरला विचारी, नवी आवृत्ती आहे का? असली तर उतरवून घेई, मग हिरवी पट्टी दाखवी : 'सर्व ठीक'.

उद्घाटनाला साहेबांनी कॉम्प्युटरला हार घालून नारळ फोडला. पाणी कीबोर्डवर गेलं, भाषण चालूच राहिलं. पट्टी हिरवीगार होती.

पुढे चॅट सॉफ्टवेअर बदललं आणि घंटा मुकी झाली. मामांनी दुरुस्ती करून खुटबावला ठेवली. सकाळी हिरवी पट्टी दिसली. दुरुस्ती पोचली, असं आम्ही धरून चाललो. त्या दिवशी मामांनीही विचारलं नाही.

दुपारी दौंडचा कॉम्प्रेसर बंद पडला. तिथल्या ऑपरेटरनं निरोप टाकला आणि निर्धास्त बसला. आमच्याकडे घंटा वाजलीच नाही. संध्याकाळी अख्ख्या टाकीतलं नासलेलं दूध गटारात सोडलं. मामा शेवटचा थेंब जाईपर्यंत तिथं उभे होते.

खुटबावची इंटरनेटची लाइन आदल्या रात्रीच तुटली होती. पलीकडून उत्तरच आलं नव्हतं, तरी पट्टी हिरवी.

"सॉफ्टवेअरचा दोष, असं लिहून टाकू," साहेब म्हणाले.

"सॉफ्टवेअर कशाला खोटं बोलंल? मी बोललोय. उद्घाटनाला लाल दिसू नये, म्हनून उत्तर न्हाई आलं तरी हिरवंच दाखीव, असं मीच लिवलं हुतं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ते बदललं. आता पट्टी आधी पिवळी होते, 'खुटबावला विचारत आहे'. तीस सेकंद वाट पाहते. मग, उत्तर नसेल तर, लाल.

"मामा, तीस सेकंद जास्त होतात हो," मी म्हणालो.

"आमचं गाव हाय ते. दाराशी यायला येळ लागतो."

"आणि लाल फार वाईट दिसतं," साहेब म्हणाले.

"दिसू द्या साहेब. न्हाई ते न्हाई."

त्यानंतर मामा प्रश्न विचारत, पण चष्मा वर न सरकवता, हळू आवाजात, जणू स्वतःलाच.

दिवाळीनंतर मामा गेले. घरच्यांनी त्यांचा कॉम्प्युटर बंद करून चादरीखाली झाकून ठेवलाय. घंटा आता दुसरी बसवली आहे, ती वाजतेही. जुनं प्लगइन काढून टाका, असं साहेबांनी मला दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा मी हो म्हणालो.

रोज सकाळी कॉम्प्युटर लावतो. चहा येतो. पट्टी पिवळी होते, 'खुटबावला विचारत आहे'. तीस सेकंद मी कपाला हात लावत नाही.