खो-खोचा चष्मा

चष्मेवाल्या काकांच्या दुकानात पाऊल टाकलं की नमस्कार नंतर. आधी ते हात पुढे करून तुमच्या नाकावरचा चष्मा काढून घेत, उजेडासमोर धरत, काचेवर नखाने टिचकी मारत आणि मग विचारत, "बोला, काय म्हंता?" चष्म्याविना समोरचा माणूस धूसर झालेला असे. त्यामुळे निजामपुऱ्यातले आम्ही सगळे त्यांच्याशी आवाजाच्या अंदाजानेच बोलत असू.

पोरांनो, तुमचा चष्मा तिकडे खोक्यात बंद होऊन घरी येतो म्हणे. तुमची आई, म्हणजे माझी लेक, शाळेत होती तेव्हा, ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, आमच्या भिवंडीत चष्मा यायचा तो आधी चष्मेवाल्या काकांच्या नाकावर जाऊन. हे अगदी शब्दशः घ्या. गिऱ्हाइकाने फ्रेम पसंत केली की काका ती बिनकाचेची दिवसभर स्वतः घालत. ती कुठे टोचते ते कळलं की गरम करून वाकवत आणि मगच काचा बसवत. जवळच्या राहनाळ गावचा हा आडदांड गडी कधी शाळकरी मुलीच्या गुलाबी फ्रेममध्ये चहा पीत बसलेला दिसे, तर कधी कुणा आजोबांच्या काळ्या फ्रेममध्ये. डोळ्यात काही गेलं की ते फ्रेममधूनच आरपार बोट घालून डोळा चोळत. नवीन गिऱ्हाईक ते पाहून दचकायचं.

एकदा ते मला भाजीबाजारात भेटले. मी आधी माझी नवी फ्रेम ओळखली, मग माणूस.

"बाई, डावा कान दुखतोय तुमचा," ते म्हणाले.

"माझा? नाही हो."

"दुखंल ना उद्या. आज माझा दुखतोय." आणि वांगी निवडू लागले.

दुकानात येणाऱ्यांत लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम करणारे कारीगर जास्त. त्यांच्याशी काका हिंदीत बोलत. "नाक आपका, कान आपका, जिम्मेदारी मेरी!" हिंदीत नाक स्त्रीलिंगी, म्हणून 'नाक आपका' ऐकून कारीगर हसत, आणि ते हसतात म्हणून काका पुढच्या वेळी तसंच म्हणत.

एका बाबतीत मात्र ते हटून बसलेले असत. काचा काचेच्याच. तेव्हा प्लास्टिकच्या हलक्या काचा येऊ लागल्या होत्या. मुंबईहून कुणी त्या लावून आलं की काका टिचकी मारून कान देत आणि तोंड वाकडं करत. "आवाजच न्हाय. रबराची भाकरी खाल्ल्यासारखं."

अशा माणसाच्या दुकानात तुमची आई एका संध्याकाळी तरातरा शिरली. मी मागे होतेच.

"काका, मला प्लास्टिकच्या काचा हव्यात."

"प्लास्टिकची बादली असते, पोरी."

तिची अडचण खरी होती. ती शाळेच्या खो-खो संघात होती, पण खेळाच्या बाईंनी ताकीद दिली होती की काचेचा चष्मा लावून मैदानात उतरायचं नाही. सूर मारताना फुटला तर तुकडे डोळ्यात जायचे. चष्मा काढावा तर नंबर इतका मोठा की आदल्या दिवशी तिने पळणाऱ्या मुलीऐवजी पंच म्हणून उभ्या असलेल्या बाईंनाच बाद केलं होतं. सामना तोंडावर आला होता. चष्म्याचं जमलं नाही तर संघातलं नाव जाणार होतं.

काकांनी तिला स्टुलावर बसवलं. "ऐक. एका कारीगराला मी लावल्या होत्या प्लास्टिकच्या. लूमचा कापूस काचेवर बसतो, आनि तो लुंगीनं पुसायचा. दोन महिन्यांत चरे पडून सगला धूर. बिचारा रडत आला, म्हनाला, मेरी आँखें गयीं. डोले चांगले होते त्याचे. मी लावलेली काच गेलेली. तवापासून न्हाय लावत."

तुमची आई म्हणाली, "पण काका, मी लुंगी नेसत नाही."

काका इतके हसले की नाकावरची कुणाची तरी फ्रेम खाली पडली. पण हो म्हणाले नाहीत. "बघू," एवढंच.

पुढच्या आठवड्यात शाळा सुटल्यावर काका थेट शाळेच्या मैदानात आले; मी तुमच्या आईला न्यायला गेले होते. डोळ्यांवर जुनी तपकिरी फ्रेम, तिच्यात बिननंबरच्या प्लास्टिकच्या काचा. मुली ओळीत बसल्या होत्या. काकांनी चपला काढल्या, पँट दुमडली आणि विचारलं, "सूर कसा मारतात गो?"

कुणी काही सांगायच्या आत ते खांबाकडे धावले आणि पोत्यासारखे आदळले. धुळीचा लोट उठला. मग धुळीतून एक हात वर आला, त्यात चष्मा. "नाक सोललं! काच शाबूत हाय!"

नाकावर हळद लावताना काकूंच्या तोंडाचा पट्टा सुरू होता. "पोरींच्या खेलात शिरला हा म्हातारा! दात पडलं असतं तर ते पन प्लास्टिकचंच बसवलं असतं का?"

चष्मा झाला. अभ्यासाला काचेचा, खेळायला प्लास्टिकचा. प्लास्टिकच्या चष्म्याबरोबर काकूंच्या जुन्या मऊ साडीचा तुकडा आणि सक्त ताकीद मिळाली. आधी पाण्याने धुवायचा, मग पुसायचा. "ओढनीला पुसलास तर परत घेईन. पैसे न्हाय देनार."

काका जाऊन आता खूप वर्षं झाली. दुकानाच्या जागी मोबाइलवाला बसतो. प्लास्टिकने काचेला कधीच मागे टाकलं. काका असते तर त्यांनी टिचक्या मारून सगळ्यांची हजेरी घेतली असती. पण मला सांगायचंय ते सामन्याचं.

त्या दिवशी काका भरदुपारी दुकान बंद करून आले. सगळे खेळ पाहत होते, काका फक्त चष्मा. तुमची आई वळली की "सांभाल!", ती वाकली की "सांभाल!" शेजारच्या बायका वैतागल्या. शेवटच्या मिनिटाला समोरच्या संघाची चपळ मुलगी पलीकडच्या खांबाकडे पळाली आणि तुमच्या आईने सूर मारला. काकांनी दोन्ही हातांनी डोळे झाकून घेतले.

शिट्टी वाजली. आरडाओरडा झाला. काका तसेच. तुमची आई उठली, धूळ झटकली, आणि मैदानाच्या त्या टोकावरून ओरडली, "काका, डोळे उघडा! आउट झाली ती!"

काकांनी हात खाली घेतले. "इथवर दिसतो का गो मी तुला?"

"दिसता! रडताय ते पण दिसतंय!"

"रडत न्हाय, धूल गेली!" काका इकडून ओरडले, आणि हात लांब करून माझा रुमाल मागितला.