खाणीचा उतार आणि डोक्यावरचा दिवा

आमच्या घरात माझ्या सायकलीवरून जेवढी बोलणी झाली, तेवढी मुलाच्या लग्नाच्या वेळीसुद्धा होतील की नाही, शंका आहे.

सायकल मुलाचीच. जाड टायरची, गिअरची, माळावर दगडधोंड्यांतून पळवायची. पुण्याला नोकरी लागली तेव्हा जिन्याखाली ठेवून गेला. त्याच वर्षी मला शुगर निघाली आणि डॉक्टर म्हणाले, रोज तासभर चाला. चालायचा मला भारी कंटाळा. एका संध्याकाळी पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला घट्ट बांधली आणि सायकल बाहेर काढली. पन्नाशीच्या बाईला हे शोभत नाही म्हणे. कोण म्हणालं ते विचारू नका, आमच्या सोलापूरच्या शुक्रवार पेठेत सगळे सगळ्यांबद्दल म्हणत असतात. मी कुणाला भीक घातली नाही.

माझा धंदा कडक भाकरीचा. पहाटे चारला तवा तापतो, तो दुपारी दीडला उतरतो. मग भाकरी वाळवा, पाकिटं भरा, दुकानांतनं पोचवा. मोकळा श्वास घ्यायला संध्याकाळचे साडेसहा होतात. म्हणजे थंडीत अंधारच. उन्हाळ्यात त्याच्या आधी बाहेर पडायचं नावच नको, सोलापूरचं ऊन काय चीज आहे ते ज्यानं खाल्लंय त्यालाच ठाऊक. त्यामुळं माझी सगळी सायकल अंधारातली.

होटगीच्या अलीकडं माळावर मुरमाची एक जुनी खाण आहे. तिच्या कडेनं एक वाट खाली उतरते. वाट कसली, घसरगुंडीच. मध्ये एका बाभळीपाशी वळण, मग एकदम खाली. तिथनं मी सायकल सोडते. आणि खाली पोचल्यावर, खोटं कशाला बोलू, मी ओरडते. चांगली गळा काढून ओरडते. दिवसभर चुलीपुढं बसलेल्या बाईला त्या ओरडण्यात काय मिळतं, ते मला कुणाला समजावता आलेलं नाही.

मागच्या थंडीत त्याच उतारावर पडले. सायकलला पुढं एक मिणमिणता दिवा होता, वळणावर हँडल वळलं तसा तो भलतीकडंच उजेड पाडत बसला, आणि माझ्या पुढ्यातला दगड मला दिसलाच नाही. उजवं मनगट मोडलं. भाकरी थापणाऱ्या बाईचा उजवा हात प्लास्टरमध्ये म्हणजे धंद्याला कुलूपच. आमच्या ह्यांनी चार दिवस टॉवेलच्या कारखान्यातनं रजा काढून भाकऱ्या थापून बघितल्या. बिचाऱ्यांच्या भाकरीला कोपरे यायचे. हसून हसून माझं प्लास्टर दुखायचं. प्लास्टर निघाल्यावर महिनाभर रोज पहाटे, मी तव्याला बसायच्या आधी, हे माझ्या मनगटाला क्रेप बँडेज गुंडाळायचे. फार हळू, कणीक मळल्यासारखं तोंड करून.

पण त्याच दिवसांत एकदा म्हणाले, "सायकल चालव. नको म्हणत न्हाय मी. पण परत पडलीस, तर ती जिन्याखालनं जाणार. भंगारवाल्याला देणार मी. हसायचं न्हाय."

हा माणूस तीस वर्षांत आवाज चढवून बोललेला नाही. त्यामुळं त्यांचा शब्द फार जड असतो. मी हो म्हटलं.

हो म्हटलं खरं, पण त्या दिवसापासून खाणीच्या तोंडाशी गेले की ब्रेक दाबला जायचा. सायकलवरून उतरायचं, हँडल धरून सायकल हातानं खाली न्यायची, आणि खाली जाऊन गप्प उभं राहायचं. ओरडायला तोंड कुठं होतं? स्वतःची अशी चीड यायची म्हणून सांगू! मग मी ठरवलं, बास. पुढचं आपलं आपल्याला दिसेल असा दिवा घ्यायचा, डोक्यावर, मुलाच्या हेल्मेटलाच. मान वळेल तिकडं उजेड.

पेठेच्या कोपऱ्यावर एक चाचा आहेत, ट्रक-टेम्पोचे दिवे दुरुस्त करतात. त्यांना गाठलं. त्यांनी आधी रात्री पिकाला पाणी पाजणारे शेतकरी डोक्याला बांधतात ती पट्ट्याची बॅटरी दिली. हेल्मेटवर ती टिकेना. पहिल्याच गचक्याला नाकावर आली आणि मला माझंच नाक लख्ख दिसलं. परत नेऊन दिली. मग चाचांनी पेरूएवढा एक दिवा काढला. "भाबी, ये लेव. हलका है. डोस्क्यावर वजन नको."

मी म्हटलं, "चाचा, एवढ्याशानं काय दिसणार? मला खाण उतरायचीय, देव्हाऱ्यात लावायचा नाहीये."

"कायकू उतना उजाला, भाबी? ट्रक चलाना है क्या?"

मला राग आला. एकदा राग आला की मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. घरी येऊन मोबाइलवर सगळ्यात झगझगीत दिवा होता तो मागवला. आला तो जवळजवळ नारळाएवढा, वर वायर, वायरीच्या टोकाला पाठीला अडकवायची बॅटरी वेगळी. हेल्मेट घातलं की मान आपोआप खाली जायची. आमचे हे बघून म्हणाले, "आभाळातनं इमान उतरवायचंय का?" मी लक्ष दिलं नाही. माझा हिशेब सरळ होता. उजेड जेवढा जास्त, तेवढी मी कमी पडणार.

आता आमच्या गावची एक खोड सांगते. ओळखीचं माणूस दिसलं आणि मान वर करून त्याच्या तोंडाकडं बघून "काय वैनी, झाला का च्या?" असं म्हटल्याशिवाय पुढं गेलं, तर दुसऱ्या दिवशी "एवढा कसला गर्व झालाय हिला" असं ऐकायला मिळतं. त्यात मी भाकरीवाली. निम्मी पेठ माझ्या ओळखीची. पहिल्याच संध्याकाळी मी निघाले आणि ज्याच्या त्याच्या तोंडाकडं बघत, ज्याच्या त्याच्या डोळ्यांत तो झोत मारत, सगळ्यांची विचारपूस करत गेले. औषधवाले डोळ्यावर हात घेऊन ओरडले, "कोण हाय ते? पोलीस का?" एक वहिनी घाबरून दुधाची पिशवी टाकून घरात पळाल्या. मी आपली "अहो मी, मी!" म्हणत अजूनच जवळ जाऊन त्यांच्याकडं बघतेय! दिवा डोक्यावर आहे हे माझ्या डोक्यातच येईना. चार दिवसांत पेठेत माझं नाव सर्चलाइट पडलं.

पाचव्या दिवशी मात्र गंमत राहिली नाही. साखर कारखान्याचा हंगाम चालू होता. होटगी रस्त्याला समोरनं उसाची एक बैलगाडी येत होती. वर मोळ्यांपुढं एक बाई बसलेली, कासरा हातात. एवढ्या अंधारात एकटी बाई गाडी हाकतेय, तिला मान वर करून "काय बाई, लांब चाललाय?" असं विचारल्याशिवाय राहवेल मला? मी विचारलं. झोत आधी बैलांच्या डोळ्यांत गेला, मग तिच्या. बैल बिथरले, बाजूला सरकले आणि गाडीचं एक चाक रस्त्याच्या कडेवरून खाली गेलं. गाडी कलली.

बाईनं कासरा ओढला, बैलांना हाक मारली, दोन मोळ्या खाली पडल्या पण चाक परत रस्त्यावर आलं, गाडी उभी राहिली. मग ती माझ्यावर सुटली. "काय गं ए बाई, डोळं फोडतीस का जनावराचं? बंद कर आधी ते! काय सूर्य बांधून फिरतीस व्हय डोक्यावर?"

मी बंद केला. क्षणभर सगळं काळंभोर झालं. "चुकलं बाई माझं," म्हटलं, आणि खरंच रडायला आलं होतं. मोळ्या उचलू लागले. तेव्हा माझं लक्ष खाली गेलं. गाडीच्या खाली, आसाजवळ, सुतळीनं एक साधी बॅटरी बांधलेली होती. तिचा उजेड जमिनीला लागून पुढं सरपटत जात होता, आणि रस्त्यावरचा एकूण एक दगड, एकूण एक खड्डा वेगळा उठून दिसत होता. प्रत्येक दगडाच्या मागं लांबलचक सावली. माझ्या झोतात हाच रस्ता मला सपाट पाटासारखा दिसला होता.

मी विचारलं, "हे एवढ्या खाली का बांधलंय?"

"मग कुटं बांधू? वरनं उजेड टाकला तर दगडाची सावली दगडाखालीच लपती की. खालनं टाकला की भाईर येती. बैलाला दिसतंय, मलाबी दिसतंय." एवढं बोलल्यावर तिचा राग उतरला. म्हणाली, "बरंय, जा आता. सावकाश जा."

दुसऱ्या दिवशी भाकरीचं एक पाकीट घेऊन चाचांकडं गेले. चुकलं म्हणायला मला फार जड जातं, पाकीट पुढं केलं की ते आपोआप म्हटल्यासारखं होतं. चाचांनी हसत तोच पेरूएवढा दिवा हेल्मेटला बसवला, आणि दुसरी एक बॅटरी हँडलच्या खाली, पार चाकाजवळ, रबरानं अडकवून दिली. "हौ भाबी, खाली सावली देखने का, ऊपर वळण देखने का. और लोगां का मुँह देखना हो तो बुझाने का."

घरी सांगितलं, आज मी खाण उतरणार. मी सायकलवर निघाले, आणि खाणीच्या तोंडाशी पोचले तर खाली यांची स्कूटर उभी. याआधी ते एकदाही आले नव्हते तिथं.

वर उभी राहिले. पडले तर सायकल गेली, एवढंच डोक्यात. मग खालच्या बॅटरीकडं बघितलं. तोच उतार, पण आज दगडन् दगड आपापली सावली घेऊन उभा होता. ह्याच्या डावीकडनं, त्याच्या उजवीकडनं. सोडली सायकल. निम्म्यावर गचका बसला आणि खालच्या बॅटरीचं रबर सटकलं, ती फिरून आभाळाकडं बघायला लागली. पण तोवर मी बाभळीपाशी आले होते. मान वळवली, डोक्यावरचा दिवा माझ्याबरोबर वळला, आणि वळणापलीकडची वाट आधीच उजेडात. पुढं काय केलं आठवत नाही. खाली पोचले आणि ओरडले. वर्षभराचं साठलेलं होतं, ते सगळं ओरडले.

मग हौसेनं ह्यांच्याकडं बघितलं. अर्थात झोत तोंडावर.

"दिवा खाली कर की," म्हणाले आणि एका हातानं डोळे झाकले. दुसऱ्या हातात काहीतरी पांढरट लोंबत होतं. बघते तर माझं क्रेप बँडेज. तेच, मनगटाचं. गुंडाळी सोडून तयार धरलेलं.

माझं डोकं फिरलं. "म्हणजे मी पडणारच, असं धरून आला होता तुम्ही?"

"थोडंफार लागलं असतं तर हितंच बांधलं असतं," ते खाली बघत म्हणाले. "घरी कुणाला कळलं नसतं. मग सायकल कशाला जातीय?"

"कुणाला म्हणजे? अट तर तुमचीच होती!"

"मला तरी कुठं कळलं असतं?"

हे खाली बसले, आभाळाकडं बघणारी ती बॅटरी सरळ केली, आणि बँडेजनं हँडलखाली गुंडाळायला लागले. हळू, एकावर एक पदर देत, तेच कणीक मळल्यासारखं तोंड करून. शेवटची गाठ मारली आणि हलवून बघितली.

"आता हलायची न्हाय," म्हणाले. "जा, अजून एकदा ये वरनं. मी थांबतो हितं."